बंबवाल्यांचे गाऱ्हाणे व नगरपित्यांचे कर्तव्य

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस उजाडला म्हणजे गावोगावच्या बंबखान्यांत हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ पुष्पचक्रे वाहिली जातात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी व स्फोटके एकत्र भरलेली होती. ती आग विझविण्यास गेलेल्या मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी त्या दिवशी आपले प्राण वेचले. त्यांची आठवण म्हणून १४ ते २० एप्रिल हा सबंध आठवडा देशभर अग्निशमन सेवेचा म्हणून पाळण्यात येतो. बंब धुऊनपुसून चव्हाट्यावर आणला जातो, शाळकरी मुलांस प्रात्यक्षिके दाखविली जातात, नगराध्यक्ष व मुख्याधिकारी भाषणे करतात, आणि जवानांच्या शौर्याची स्तुती करताना कोणाचाही हात आखडत नाही. हे सर्व योग्यच आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु २१ एप्रिलपासून पुढील ५१ आठवडे याच जवानांशी त्याच नगरपालिकांचे वर्तन कसे असते, हा प्रश्न स्तुतिपर भाषणांनी झाकला जातो, आणि तोच आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

लहान गावातील हा तंटा आता कोणास नवा राहिलेला नाही. दोन-तीन महिने वेतन थकते. बंबवाले निवेदन देतात. निवेदनास पोच मिळते, उत्तर मिळत नाही. मग ते दंडास काळ्या फिती लावतात आणि अखेरीस काम बंद करण्याची भाषा बोलतात. ती भाषा कानी पडताच इतका वेळ स्वस्थ बसलेले नगरपालिकेचे धुरीण एकाएकी जागे होतात व म्हणतात, ‘ही अत्यावश्यक सेवा आहे, तुम्ही गावास वेठीस धरता!’ बाजारपेठेतील सुशिक्षित माणूस वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून ‘दोघांचेही चुकते’ असा निवाडा देतो व दुकानाची फळी उघडतो. आमच्या मते हा निवाडा सोयीचा असला तरी न्यायाचा नाही. चूक कोणाची किती, हे मापून पाहिले पाहिजे. कारण ज्याच्या दुकानास उद्या आग लागावयाची आहे, त्याचेच हित या तंट्यात गुंतलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आग विझविणे हा नगरपालिकेने नागरिकांवर केलेला उपकार नव्हे. महाराष्ट्राच्या नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम नगरपरिषदेची कर्तव्ये सांगताना काही आवश्यक व काही ऐच्छिक असा भेद करतो. आणि आगी विझविणे व आगीच्या प्रसंगी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे त्याने आवश्यक कर्तव्यांत गणले आहे. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानास बारावी अनुसूची जोडली, तीतही अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. एक लाखाहून अधिक वस्तीची ‘अ’ वर्गाची नगरपरिषद असो की चाळीस हजारांच्या आतील ‘क’ वर्गाची असो, हे कर्तव्य दोघींस सारखेच बांधून आहे. साधने मात्र सारखी नाहीत. ‘क’ वर्गाच्या गावाची घरपट्टी ती किती, आणि तीतून दिवाबत्ती, पाणी, सफाई भागवून उरते ते किती! कायद्याने भार समान घातला आणि तिजोरी असमान ठेवली, ही या प्रकरणातील पहिली गोम आहे, आणि ती नगरपित्यांच्या बाजूने आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण गरिबीची ही सबब पुढे करून जे काही केले जाते ते सर्वच क्षम्य ठरत नाही.

दुसरी गोम याहून खोल आहे. बंबवाल्याचा धनी कोण, या साध्या प्रश्नास लहान गावात आज सरळ उत्तर नाही. वरिष्ठ अधिकारी नेमण्याचे काम राज्यसंवर्गाकडे आहे. २०२३ साली नगरपरिषद प्रशासनाने राज्यसेवेच्या १७८२ जागांची जाहिरात काढली, तीत ३७२ जागा अग्निशमन अधिकाऱ्यांच्या होत्या. हे पाऊल स्तुत्यच होय. पण त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली बंबावर चढणारा जवान कोणाचा? कित्येक गावी थोडे जुने कायम नोकर सोडले तर बाकीची माणसे मनुष्यबळ पुरविणाऱ्या ठेकेदाराची असतात. अधिकारी राज्याचा, बंब नगरपालिकेचा, माणूस ठेकेदाराचा! वेतन थकले म्हणून जवान नगराध्यक्षांकडे गेला तर ते मुख्याधिकाऱ्यांकडे बोट दाखवितात. मुख्याधिकारी म्हणतात, ‘आम्ही देयक अदा केले, ठेकेदारास विचारा’. ठेकेदार म्हणतो, ‘देयक अजून निघाले नाही.’ पदांची मंजुरी मागावी तर कागद मुंबईस गेल्याचे कळते, आणि तेथून तो आस्थापना-खर्चाच्या मर्यादेचा शेरा घेऊन परत येतो. तिघांचा नोकर तो कोणाचाच नोकर नव्हे, अशी त्याची अवस्था होते. ज्याच्या गाऱ्हाण्यास दारच नाही, तो शेवटी रस्त्यावर येऊन बसला तर त्यात नवल ते काय?

आता थोडा हिशेब करू. आमचे पुष्कळसे वाचक व्यापारी आहेत व हिशेब त्यांस भाषणापेक्षा लवकर पटतो. एका बंबावर एक तांडेल, एक चालक व चार जवान अशी सहा माणसे असावीत हा सर्वमान्य संकेत आहे. दिवसाच्या आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर अठरा माणसे झाली. प्रत्येकास आठवड्यातून एक सुटी द्यावयाची तर एकवीस, आणि आजारपण, रजा व शिक्षण यांसाठी अगदी हात राखून सोय करावयाची तर चोवीस. म्हणजे एक बंब रात्रंदिवस सज्ज ठेवावयास दोन डझन माणसे लागतात. ज्या गावी बंब एक आणि माणसे आठ, तेथे उरलेल्या सोळा माणसांचे काम कोण करतो? तीच आठ माणसे करतात. ती चोवीस-चोवीस तास बंबखान्यात राहतात, वर्दी नसेल तेव्हा त्यांस पाण्याच्या टँकरवर, अतिक्रमणाच्या मोहिमेवर वा सभेच्या मंडपाच्या बंदोबस्तावर पाठविले जाते, आणि मध्यरात्री खरोखरच वर्दी आली म्हणजे चालक व दोन जवान एवढ्यावर बंब निघतो. साडेचार हजार लिटर पाण्याचा बंब दोन नळांनी मिनिटास नऊशे लिटर पाणी फेकू लागला तर पाच मिनिटांत कोरडा होतो. त्या पाच मिनिटांत एकाने पंपापाशी राहावयाचे, दोघांनी नळ धरावयाचा. मग जिना चढून आत अडकलेले म्हातारे माणूस बाहेर काढावयाचे कोणी? गावात मात्र बोलबाला होतो की बंब उशिरा आला आणि बंबवाले नुसते उभे राहिले. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण बंबवाल्यांवर हसण्यासाठी वापरतो. वस्तुतः बंब सोमेश्वरी नेऊन ठेवणारे हात निराळेच असतात.

ठेक्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. रस्त्याचे डांबरीकरण सर्वांत कमी दराच्या निविदेवर देता येते, कारण रस्ता वाईट झाला तर तो डोळ्यांस दिसतो व पुन्हा करता येतो. आग विझविण्याचे कौशल्य या रीतीने विकत मिळत नाही. कोणत्या गल्लीत बंब वळतो व कोणत्या वळत नाही, कोणत्या वाड्याचा मागील दरवाजा विहिरीकडे उघडतो, कोणत्या गोदामात रंग व रॉकेल आहे आणि कोणत्यात तूर आहे, विजेची डीपी कोठे आहे, भर उन्हाळ्यात कोणत्या हौदास पाणी असते — ही विद्या पुस्तकात नसते. ती वर्षानुवर्षे त्याच गावात काम केलेल्या तांडेलाच्या डोक्यात असते. ठेका अकरा महिन्यांनी बदलला की माणूस बदलतो, निदान बदलेल या भीतीत राहतो, आणि ती विद्या त्याच्याबरोबर जाते. शिक्षणाचे तेच. १९५६ साली रामपूर येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरास आहे; राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईस आहे. पण जो माणूस पुढील वर्षी आपला राहील याची खात्री नाही, त्यास खर्च करून शिकवावयास कोणती नगरपालिका पाठवील? न शिकलेल्या माणसास आगीत लोटणे ही काटकसर नव्हे; ती जिवाची उधळपट्टी आहे, आणि तीही दुसऱ्याच्या जिवाची.

या कामातील धोका केवळ ज्वाळांचा नाही. भाजणे, पडणे, छत अंगावर येणे हे धोके सर्वांस दिसतात. धुराचा धोका वीस वर्षांनी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ साली आग विझविण्याच्या व्यवसायाचीच गणना कर्करोगास निश्चितपणे कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात केली. आजच्या गोदामात पूर्वीसारखी निव्वळ लाकूड व धान्ये नसतात; प्लास्टिक, फोम, रासायनिक रंग यांचा धूर फुप्फुसात व कातडीत मुरतो. म्हणून पाठीवर हवेची नळकांडी असलेले श्वसनयंत्र व अग्निरोधक पोशाख ही चैन नसून हत्यारे आहेत. अशी हत्यारे न देता, तोंडास ओला रुमाल बांधून जवानास आत पाठविणाऱ्या नगरपालिकेने १४ एप्रिलच्या भाषणात शौर्याचा उच्चार करू नये, हे बरे. आणि वीस वर्षांनंतर जेव्हा हा मनुष्य आजारी पडेल, तेव्हा तो ज्या पाच ठेकेदारांचा नोकर होता त्यांपैकी कोण त्याचे दार ठोठावण्यास येईल? गरज सरो आणि वैद्य मरो, या म्हणीचे इतके शब्दशः आचरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

लहान गावांस मोठ्या आगींशी काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. त्याने २०२१ हे साल आठवावे. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा बालके मरण पावली. सर्व महाराष्ट्र हळहळला, चौकशी समिती बसली, रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे हुकूम सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या — आजच्या अहिल्यानगरच्या — जिल्हा रुग्णालयात आग लागून अतिदक्षता विभागातील अकरा रुग्ण त्याच दिवशी दगावले. दहा महिन्यांचेच अंतर! आग विझते तशी चौकशीची धगही विझते, आणि राखेवर पुन्हा जुनाच कारभार सुरू होतो. म्हातारी मेल्याचे दुःख असतेच. पण काळ सोकावतो हे त्याहून भयंकर आहे.

आता नगरपित्यांच्या बाजूचे आक्षेप घेऊ. ते अगदीच पोकळ नाहीत. पहिला आक्षेप पैशाचा. गाव गरीब आहे, हे वर मान्य केले. परंतु २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतींच्या परवानगीच्या वेळी अग्निशमनासाठी शुल्क घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस दिला आहे. हे शुल्क गावोगाव वसूल होते. ते अग्निशमनावरच खर्च होते काय, हा प्रश्न किती सभासद सर्वसाधारण सभेत विचारतात? केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना काढली. तिचे आम्ही स्वागत करतो. पण ती योजना महिन्याच्या वेतनाची सोय लावीत नाही, हे विसरता कामा नये. नव्या बंबाच्या चाव्या स्वीकारताना छायाचित्र निघते. त्याच्या चालकाचे वेतन वेळेवर झाले तर छायाचित्र निघत नाही. म्हणून एका गोष्टीस पैसा मिळतो व दुसरीस मिळत नाही. स्वागतकमानी, रोषणाई, सत्कारसमारंभ यांवर गावाचा किती पैसा जातो, याचा हिशेब अग्निशमनाच्या खर्चाशेजारी मांडून अंदाजपत्रक प्रसिद्ध करा. मग गरिबी कोठे सुरू होते ते लोकांस आपोआप दिसेल.

दुसरा आक्षेप असा की, ही सेवा अत्यावश्यक आहे, म्हणून या नोकरांनी संघटना करणे, दाद मागणे, अडून बसणे अशोभनीय आहे. सेवा अत्यावश्यक आहे हे अक्षरशः खरे. पण जी सेवा संपाच्या दिवशी अत्यावश्यक असते, ती वेतनाच्या दिवशीही तितकीच अत्यावश्यक असली पाहिजे. अत्यावश्यकपणा हा दोन्हीकडे धार असलेला शब्द आहे. तो नोकरावर चालविणाऱ्याने स्वतःवरही चालवून घ्यावा. दाद मागण्याच्या हक्काविषयी तर वादच उरलेला नाही. नागपूर महानगरपालिका व तिचे नोकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली पालिकेच्या एकेका खात्याची छाननी केली व अग्निशमन खाते हा कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’च आहे असा निर्णय दिला. म्हणजे बंबवाला हा आपल्या वेतनासंबंधी व कामाच्या तासांसंबंधी न्यायासनापुढे उभा राहू शकणारा कामगार आहे, ही गोष्ट आपल्याच प्रांतातील एका नगराच्या प्रकरणात सहा दशकांपूर्वी ठरून गेली आहे. त्यास ‘गावाशी बेइमान’ म्हणणाऱ्यांनी निदान नागपूरचे नाव तरी ऐकलेले असावे.

संपाविषयी आमचे मत मात्र आडपडदा न ठेवता सांगतो. जळते घर पाहून हाताची घडी घालणे कोणत्याही गाऱ्हाण्याने समर्थनीय होत नाही. पण असा प्रसंग येऊ न देण्याचा मार्ग कोणता, हे विलायतच्या अनुभवावरून शिकण्यासारखे आहे. लंडनचे बंबवाले १९२० पर्यंत जवळजवळ अखंड पाळीवर असत; त्या वर्षी एका सरकारी समितीने त्यांचे वेतन पोलिसांच्या बरोबरीस आणण्याची शिफारस केली व दोन पाळ्यांची पद्धत सुरू झाली. पुढे महागाई वाढली, वेतन मागे पडले, आणि १४ नोव्हेंबर १९७७ पासून सबंध ब्रिटनच्या बंबवाल्यांनी तीस टक्के वाढीसाठी संप पुकारला. तो नऊ आठवडे चालला. सरकारास लष्कर व जुनाट हिरवे बंब रस्त्यावर आणावे लागले. तंटा मिटला तो एका सूत्राने: कुशल कामगारांच्या कमाईशी बंबवाल्यांचे वेतन जोडले जावे, म्हणजे दरवर्षी नवी मागणी व नवा झगडा नको, शिवाय कामाचे तास आठवड्यास ४२ वर आणण्याचे ठरले. त्यानंतर सुमारे पाव शतक तेथे तसा देशव्यापी संप झाला नाही. २००२ साली तो पुन्हा उद्भवला तो वेतनाचाच प्रश्न नव्याने उपस्थित झाल्यावर. यातून घ्यावयाचा धडा हाच की, संपास दटावणीने आळा बसत नाही. वेळीच ठरलेल्या व उभयपक्षी मान्य झालेल्या नियमाने बसतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा. ‘आम्ही कायम करू म्हटले तरी करता येत नाही, न्यायालयाचाच निर्णय आड येतो,’ असे मुख्याधिकारी म्हणतात. २००६ सालच्या उमादेवी प्रकरणात, रीतसर भरतीवाचून घेतलेल्या नोकरास केवळ पुष्कळ वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले हे खरे. पण त्याच न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरासही कायम नोकराच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सांगितले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, उमादेवीच्या निर्णयाची ढाल करून वर्षानुवर्षे राबणाऱ्या नोकरांची पिळवणूक करता येणार नाही, असे बजावले. यावर कोणी कायदेपंडित म्हणेल की हे निर्णय सरकारच्या तात्पुरत्या नोकरांचे, ठेकेदाराच्या माणसांचे नव्हेत. बरोबर, आणि ठेकेदार मध्ये का उभा केला जातो, याचे उत्तरही त्यातच सापडते. तथापि ठेकेदाराने वेतन बुडविले तर मूळ मालकाने ते भरून द्यावे व ठेकेदाराकडून वसूल करावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिले, आणि नव्या श्रमसंहितांनीही ते सोडलेले नाही. ‘ठेकेदारास विचारा’ हे उत्तर देणारा अधिकारी कायद्याच्या दृष्टीनेही आपल्या जबाबदारीतून सुटत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे.

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. हा तंटा पालिकेचा व तिच्या नोकरांचा, आपला नव्हे, अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्यावी. लंडनमध्ये १८३३ साली आगीच्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःचे अग्निशामक दल चालविले. १८६१ साली टूली स्ट्रीटवरील वखारींस आग लागली, दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड तीत गाडला गेला आणि कंपन्यांचे अपरिमित नुकसान झाले. तेव्हा त्या धनाढ्य कंपन्यांनीच सरकारास कळविले की हे ओझे आता खाजगी खांद्यांस पेलत नाही. आणि १८६५ च्या कायद्याने लंडनचे दल सार्वजनिक झाले. ज्यांनी हे काम धंदा म्हणून करून पाहिले, त्यांनीच ते सर्वांच्या पैशाने व सर्वांच्या देखरेखीखाली चालले पाहिजे असा कबुलीजबाब दिला. विम्याने माल भरून येतो. शेजाऱ्याचा मुलगा भरून येत नाही. आणि आपली स्वतःची कर्तव्ये तरी आपण कितपत करतो? २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीतील आगविरोधी साधने चालू स्थितीत आहेत असे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. साधन न तपासता केवळ सहीशिक्क्यापुरता हा विधी उरकणारे दुकानदार आपल्या पेठेत नाहीत काय? दुकानाची पायरी रस्त्यात, पायरीपुढे माल, मालापुढे गिऱ्हाइकांच्या गाड्या, आणि मग बंब आत आला नाही म्हणून बंबवाल्यास शिव्या! जी गल्ली आपणच बुजविली, तिच्या तोंडाशी अडकलेल्या जवानावर रागावण्याचा आपणांस अधिकार नाही.

तर मग करावे काय? आमच्या सूचना थोडक्या आहेत व अशक्य कोटीतील एकही नाही. पहिली, बंबावर चढणारी मूळ तुकडी ठेक्याच्या कक्षेतून कायमची बाहेर काढावी. तिची पदे राज्याने लोकसंख्येच्या मानाने मंजूर करावीत, ती रीतसर परीक्षा घेऊन भरावीत, आणि आज काम करणाऱ्यांस वयाची सवलत व अनुभवाचे गुण द्यावेत. दुसरी, ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदांच्या बाबतीत या तुकडीच्या वेतनाचा मोठा वाटा राज्याने उचलावा आणि हा खर्च आस्थापना-मर्यादेत धरू नये; अग्नी गावाची वर्गवारी पाहून जाळीत नाही. तिसरी, पदे भरेपर्यंत ठेक्याच्या माणसांचे वेतन ठरलेल्या तारखेस थेट त्यांच्या खात्यात जमा व्हावे आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा पाहिल्यावाचून ठेकेदाराचे पुढील देयक निघू नये. चौथी, दोन-तीन शेजारच्या नगरपरिषदांनी मिळून पाळ्या, श्वसनयंत्रे व शिक्षण यांची सामाईक व्यवस्था करावी. एकटीस जे परवडत नाही ते तिघींस परवडते. पाचवी, अग्निशमन शुल्काचा जमाखर्च स्वतंत्र ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करावा. सहावी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक नगरपरिषदेत नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, जवानांनी निवडलेला एक प्रतिनिधी व व्यापारी मंडळाचा एक प्रतिनिधी यांची समिती असावी. तिने दर तीन महिन्यांनी बसावे, गाऱ्हाणी ऐकावीत व केलेला ठराव फलकावर लावावा. गाऱ्हाण्यास दार मिळाले म्हणजे ते खिडकीतून उडी मारीत नाही.

जवान बंधूंसही आमचे सांगणे आहे. तुमचे बळ तुमच्या संख्येत नाही. सबंध गावात तुम्ही पंधरा-वीस. तुमचे बळ गावाच्या विश्वासात आहे. तो एका रात्रीत जातो. वर्दी आली तर वाद बाजूस ठेवून बंब निघेलच, अशी प्रतिज्ञा तुम्ही आपण होऊन जाहीर करा. झगडावयाचेच असेल तर कामाखेरीज लादलेल्या कामांस नकार द्या: टँकर हाकणार नाही, मंडप राखणार नाही, बंब धुऊन मिरवणुकीस आणणार नाही, पण आग लागली तर आम्ही हजर आहोत. असे बोलणाऱ्यास ‘गाव वेठीस धरतो’ असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. आणि कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्यास आपल्या संघटनेच्या दारात स्वतःची पाटी लावू देऊ नका. निवडणुका झाल्या की ती पाटी निघते व तुम्ही उघडे पडता.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी कित्येक वर्षे अनेक गावांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता आणि ‘विचारावे कोणास?’ हा प्रश्न नागरिकांस खरोखरीच पडत असे. आता तो प्रश्न उरलेला नाही. लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष व सभासद लोकांपुढे आले आहेत. त्यांस प्रशासकाच्या आड लपता येणार नाही. अंदाजपत्रकाच्या सभेत अग्निशमन या सदराखाली किती रक्कम पडली, तीपैकी माणसांसाठी किती व यंत्रांसाठी किती, आणि गेल्या वर्षी वेतन कोणत्या महिन्यात किती दिवस थकले, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रभागातील मतदारांनी आपल्या सभासदास लेखी विचारावेत. उत्तर न देणाऱ्याचे नाव लक्षात ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपण मूर्ख म्हणतो. पण तो फार तर स्वतः तहानेने मरतो. आग लागल्यावर जवानाच्या वेतनाची आठवण करणारा कारभारी मात्र स्वतः सुरक्षित असतो आणि मरतात ते दुसरेच. म्हणून हा हिशेब आग लागण्यापूर्वीच, भर सभेत व उजेडात, चुकता झाला पाहिजे.